वजन कमी करण्याचं ऑपरेशन: खान्देशातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियेबद्दल प्रश्न येत राहतात. काही प्रश्न निर्णय घेण्याआधीचे असतात, काही ऑपरेशनला वर्षं उलटल्यावरचे. सगळे इथे एकत्र केले आहेत. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. तुमची तब्येत पाहून शेवटचा सल्ला तुमच्या डॉक्टरांनीच द्यायचा आहे.

१. या ऑपरेशनमध्ये पोटावरची चरबी काढतात का?

नाही. चरबी ओढून काढण्याला लायपोसक्शन म्हणतात. त्याने अंगाला आकार येतो, पण शुगर, बीपी किंवा झोपेत श्वास अडकण्याचा त्रास यांत फरक पडत नाही. लठ्ठपणावरची शस्त्रक्रिया ती बॅरिॲट्रिक. तिच्यात चरबीला हात लावत नाहीत. जठर लहान करतात, काही प्रकारांत आतड्यातली अन्नाची वाटही बदलतात. हे काम दुर्बिणीतून, पोटावरच्या चार-पाच छोट्या छिद्रांतून होतं. पेशंट बहुधा त्याच संध्याकाळी उठून चालतो आणि दोन-तीन दिवसांत घरी जातो.

२. घरचे म्हणतात, "तोंडावर ताबा ठेव, वजन आपोआप उतरेल." मग ऑपरेशन म्हणजे पळवाट नाही का?

हा प्रश्न लिहिणाऱ्यांत बायका जास्त असतात, आणि त्यामागे वर्षानुवर्षं ऐकलेले टोमणे असतात. म्हणून सविस्तर सांगते.

वजन उतरू लागलं की शरीर ते परत मिळवायला झटतं. भूक वाढवणारं घ्रेलिन हे संप्रेरक वाढतं, पोट भरल्याची जाणीव देणारी संप्रेरकं कमी होतात आणि शरीर कमी उष्मांकात भागवायला लागतं. दहा-बारा किलो वाढलेल्याला खाणं आवरून आणि चालून ते उतरवता येतं. चाळीस-पन्नास किलो जास्त असलेल्या माणसाने तेवढीच, किंबहुना जास्त, मेहनत केली तरी शरीर त्याला मागे ओढत राहतं. बहुतेकांचं उतरलेलं वजन दोन-चार वर्षांत परत येतं, आणि दोष मात्र माणसाच्या जिभेला दिला जातो.

ऑपरेशन याच यंत्रणेवर काम करतं. स्लीव्ह या प्रकारात (प्रश्न ४) जठराचा जो भाग काढतात तिथेच बहुतांश घ्रेलिन तयार होतं, त्यामुळे भूकच कमी लागते. जागतिक आरोग्य संघटना लठ्ठपणाला दीर्घकालीन आजार मानते. आजारावर इलाज करून घेण्यात लाजण्यासारखं काही नाही. खाण्याची शिस्त मात्र ऑपरेशननंतरही सुटत नाही, ती आणखी काटेकोर होते (प्रश्न १२ ते १४).

३. किती वजन असलं तर ऑपरेशन करतात?

नुसतं वजन पाहत नाहीत, उंचीच्या मानाने पाहतात. वजन किलोमध्ये घ्या आणि त्याला मीटरमधल्या उंचीने दोनदा भागा. आलेला आकडा म्हणजे बीएमआय. उंची १६० सेंटिमीटर, म्हणजे सव्वापाच फुटांच्या आसपास, आणि वजन ९६ किलो असेल तर बीएमआय ३७.५ येतो.

शल्यचिकित्सकांच्या दोन आंतरराष्ट्रीय संघटनांनी २०२२ मध्ये नवे निकष दिले. बीएमआय ३५ च्या वर असेल तर दुसरा आजार नसला तरी शस्त्रक्रिया सुचवावी, ३० च्या वर असून मधुमेहासारखा आजार असेल तर विचार करावा. आशियाई लोकांसाठी ही मर्यादा त्यांनी २७.५ पर्यंत खाली आणली आहे. १६० सेंटिमीटर उंचीला हे साधारण ७० किलो होतात. याचा अर्थ ७० किलोच्या प्रत्येकाने टेबलावर जावं असा नाही. पथ्य, व्यायाम आणि औषधं नीट करून पाहिली का, आजार किती पुढे गेला आहे, हे आधी बघायचं.

आपल्यासाठी मर्यादा खाली का? पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचा आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो छापला. दोघांचा बीएमआय एकच, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. वरून बारीक दिसणाऱ्या आपल्या माणसांत चरबी आतून जास्त असते, आणि शुगर-बीपीही कमी वजनावर गाठतात.

४. स्लीव्ह, बायपास, मिनी बायपास: यातलं चांगलं कोणतं?

स्लीव्हमध्ये जठराचा ७५ ते ८० टक्के भाग कायमचा काढतात आणि केळाच्या आकाराची नळी उरते. आतड्याला हात लावत नाहीत. बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाला साधारण ३० मिलिलिटरची छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. मिनी बायपासमध्ये पिशवी लांबट असते आणि दोन जोडांऐवजी एकच जोड असतो.

स्लीव्हने एकूण वजनाच्या साधारण चौथा हिस्सा उतरतो, बायपासने थोडा जास्त. जुनी शुगर असेल किंवा छातीत जळजळ, आंबट पाणी वर येणं असा त्रास मोठा असेल तर बायपासकडे कल असतो, कारण स्लीव्हने ही जळजळ वाढू शकते. बायपासमध्ये, आणि मिनीत त्याहून जास्त, जीवनसत्त्वं आणि लोह कमी शोषलं जातं. गोळ्या वेळेवर मिळतील आणि घेतल्या जातील याची खात्री नसेल, तर माझ्या मते ही गोष्ट निवडीत फार जड धरायला हवी. शेजारच्याने कोणतं केलं यावरून ठरवू नका.

५. जिवाला धोका किती?

अनुभवी हातांत हजारात एक ते तीन मृत्यू, म्हणजे पित्ताशयाच्या ऑपरेशनच्या आसपास. सुरुवातीला घाबरायचं ते टाक्यांतून गळती, रक्तस्राव आणि पायातली रक्ताची गुठळी फुप्फुसात जाणं याला. पहिल्या पंधरवड्यात नाडी १२० च्या वर, ताप, पोटात किंवा डाव्या खांद्यात वाढतं दुखणं, धाप, एका पायाला सूज, यांतलं काहीही दिसलं तर रात्र आहे म्हणून थांबू नका.

दुसऱ्या बाजूचा धोकाही मोजावा. स्वीडनमध्ये १९८७ पासून चाललेल्या मोठ्या अभ्यासात, ऑपरेशन केलेले लोक न केलेल्या लठ्ठ लोकांपेक्षा सरासरी तीन वर्षं जास्त जगले.

६. "माले शुगर शे. ऑपरेशन करं ते गोया बंद व्हतीन का?"

टाइप २ असेल तर बऱ्याच जणांच्या गोळ्या कमी होतात आणि काहींच्या पूर्ण बंद होतात. बायपासनंतर तर वजन उतरायच्या आधीच, काही दिवसांत, साखर खाली येते. मधुमेह नवा असेल आणि इन्सुलिन सुरू झालं नसेल तर शक्यता चांगली. पंधरा वर्षांची शुगर आणि वर इन्सुलिन असेल तर कमी. गोळ्या सुटल्या तरी आजार मुळापासून गेला असं धरू नका. तो काही वर्षांनी परत येऊ शकतो. दर वर्षी तपासणी, डोळ्यांचा पडदा आणि मूत्रपिंड पाहणं चालूच ठेवायचं.

ऑपरेशननंतर जुन्या डोसची गोळी किंवा इन्सुलिन आपल्या मनाने चालू ठेवलं तर साखर धोकादायकरीत्या घसरते. डिस्चार्जच्या वेळी नवा डोस लिहूनच घ्या. टाइप १ मध्ये इन्सुलिन कधीच बंद होत नाही.

७. आता वजनाची इंजेक्शनं निघाली आहेत. मग पोट कशाला कापायचं?

टिर्झेपॅटाइड मार्च २०२५ मध्ये आणि वजनासाठीचं सेमाग्लुटाइड जून २०२५ मध्ये भारतात आलं. दोन्ही आठवड्यातून एकदा घ्यायची. चाचण्यांमध्ये सव्वा ते दीड वर्षात सेमाग्लुटाइडने सरासरी १५ टक्के, टिर्झेपॅटाइडच्या सर्वांत मोठ्या डोसने २० टक्क्यांच्या आसपास वजन उतरलं. औषध चांगलं आहे. पण थांबवलं की वजन परत चढतं: सेमाग्लुटाइड बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्यापैकी दोन-तृतीयांश वजन परत आलं.

बीएमआय ३० च्या आसपास असेल तर मी आधी औषधाचाच विचार सुचवेन. ४५ असेल तर ऑपरेशनचा परिणाम मोठा आणि टिकाऊ असतो. ऑपरेशनआधी वजन थोडं उतरवायला किंवा नंतर परत वाढू लागलं तर (प्रश्न २१) दोन्हींचा मेळही घालतात.

८. खर्च किती येतो? मेडिक्लेम मिळतो का?

खासगी रुग्णालयात खर्च लाखांत जातो. आकडा विचारताना त्यात काय धरलं आहे तेही विचारा: जठर कापून शिवणाऱ्या स्टेपलरच्या पट्ट्या किती, आयसीयूचा दिवस धरला आहे का, गुंतागुंत झाली तर काय, पहिल्या वर्षाच्या तपासण्या कोणाच्या खर्चाने. पुढच्या गोळ्या-पावडरचा महिन्याचा खर्च वेगळा मांडून ठेवा.

विमा नियामकाच्या प्रमाणित अटींनुसार, डॉक्टरांच्या सल्ल्याने, वय १८ पूर्ण असताना, बीएमआय ४० किंवा जास्त असेल तर दावा बसू शकतो. बीएमआय ३५ च्या वर असेल तर हृदयविकार, झोपेत श्वास अडकण्याचा तीव्र त्रास किंवा आटोक्यात न येणारा टाइप २ मधुमेह यांसारखा गंभीर आजार असावा लागतो, आणि साधे उपाय करून वजन उतरलेलं नसावं लागतं. म्हणजे डॉक्टरांच्या निकषात (प्रश्न ३) बसणारा माणूस विम्याच्या निकषात बसेलच असं नाही. आहारतज्ज्ञांच्या जुन्या चिठ्ठ्या जपून ठेवा. पॉलिसीचा प्रतीक्षा काळ पाहा, आणि पूर्वमंजुरी लेखी घ्या. सरकारी योजनेबद्दल त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला थेट विचारा.

९. जवळ करावं की मुंबई, नाशिक, सुरत, इंदूरला जावं?

नंदुरबारची माणसं सुरतेला जातात, रावेर-यावलची इंदूरलाही जातात. जायला हरकत नाही. पण ऑपरेशन एका दिवसाचं आणि देखरेख जन्माची, हे लक्षात घेऊन ठरवा. पहिल्या वर्षात किमान चार-पाच चकरा होतात. त्या तुम्ही खरंच करणार आहात का? कापसाच्या वेचणीत, लग्नसराईत?

सर्जनला विचारा: वर्षाला अशी किती ऑपरेशनं करता, सोबत आहारतज्ज्ञ आणि फिजिशियन आहेत का, रात्री दोनला फोन कोण उचलेल. धडगाव, तळोदा किंवा साक्रीच्या आतल्या भागात राहत असाल तर डिस्चार्जनंतर आठ-दहा दिवस रुग्णालयाजवळच्या नातेवाइकाकडे मुक्काम करा. आणि आपल्या तालुक्याच्या एका फिजिशियनला ऑपरेशनआधीच भेटून ठेवा. नंतर अडचण आली की पहिला फोन त्यांनाच जाणार असतो.

१०. आधी कोणत्या तपासण्या होतात? मिश्री लावली तर चालेल का?

रक्त, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), थायरॉइड, लिव्हर-किडनी, सोनोग्राफी, एंडोस्कोपी, ईसीजी आणि २डी इको. घोरणं मोठं असेल तर झोपेची तपासणी. बी१२, डी आणि लोह आधीच कमी असेल तर आधी भरून काढतात. मानसोपचारतज्ज्ञांची भेट म्हणजे कोणी तुम्हाला वेडं समजतंय असं नाही. दुःख झालं की खाणं, व्यसन, नैराश्य हे आधी ओळखलं तर पुढे त्रास कमी होतो. आदल्या दोन आठवड्यांत कमी उष्मांकाचा आहार देतात, त्याने यकृत आकसतं आणि सर्जनला जागा मिळते.

मिश्री, तंबाखू, गुटखा, विडी किमान सहा आठवडे आधी बंद, आणि पुन्हा सुरू नाही. निकोटिनने टाके भरत नाहीत, आणि बायपासनंतर जोडावर अल्सर होतो. घरातल्या मोठ्या बायका मिश्रीला व्यसनात धरत नाहीत म्हणून डॉक्टरांना सांगत नाहीत. सांगा.

११. आमच्या घरात सिकलसेल आहे. तरी ऑपरेशन होईल का?

सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार. नंदुरबार, धुळे आणि जळगावच्या सातपुडा पट्ट्यात हा प्रश्न खरा आहे. कुटुंबात कोणाला असेल तर तुमचीही तपासणी आधी करून घ्या. फक्त वाहक असाल तर काळजी घेऊन बहुधा करता येतं. आजारच असेल तर भूल, पाण्याची कमतरता आणि थंडी यांनी दुखण्याचा झटका येऊ शकतो, म्हणून रक्तविकारतज्ज्ञ सोबत असल्याशिवाय पुढे जाऊ नये. आणखी एक: सिकलसेलमध्ये एचबीए१सीचा आकडा फसवा येऊ शकतो, त्यामुळे शुगर दुसऱ्या पद्धतीनेही पाहायला सांगा.

१२. भरीत-भाकरी आणि शेवभाजी परत कधी खाता येईल?

पहिले दोन आठवडे फक्त पातळ: मुगाच्या डाळीचं पाणी, ताक, दूध, गाळलेलं सूप. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मिक्सरमधून काढलेलं घट्टसर वरण, दही, मऊ अंडं. मग मऊ खिचडी. साधारण दीड-दोन महिन्यांनी घरचं जेवण, तेही वाटीभर.

भरीत तसं मऊ, ते लवकर जमतं, फक्त हिरव्या मिरचीचा आणि तेलाचा हात आवरा. कळण्याची भाकरी उडदामुळे साध्या ज्वारीच्या भाकरीपेक्षा उजवी, पण कोरडी भाकरी अडकते. ती भाजीत मऊ करून, चतकोरापासून सुरू करा. शेवभाजीच्या तर्रीने आणि तळलेल्या शेवेने त्रास होतो आणि पौष्टिक काही मिळत नाही. वर्षभर तिला लांब ठेवा. बट्टीही तशीच, तुपात बुडालेली आणि जड.

घास बारीक चावायचा, जेवण वीस-पंचवीस मिनिटं चालू द्यायचं, आणि जेवताना व पुढे अर्धा तास पाणी नाही. ताटातली डाळ, अंडं किंवा पनीर आधी, भाकरी शेवटी.

१३. आम्ही माळकरी आहोत. प्रोटीन कुठून आणायचं?

दिवसाला ६० ते ८० ग्रॅम लागतं. १०० ग्रॅम पनीरमध्ये साधारण १८ ग्रॅम, वाटीभर घट्ट वरणात ६-७, ग्लासभर दुधात ६-७, मूठभर फुटाण्यांत ६. सोयाबीनच्या वड्या सर्वांत स्वस्त आणि भरपूर. बेसनाची पातोडी रश्शाशिवाय, कमी तेलात चालते. पहिले काही महिने पोटात एवढं मावत नाही म्हणून प्रोटीन पावडर लागतेच. ती डॉक्टरांनी सांगितलेलीच घ्या.

१४. गोळ्या किती दिवस?

जन्मभर. मल्टिव्हिटॅमिन, बी१२ (गोळी किंवा महिन्याला इंजेक्शन), डी, कॅल्शियम सायट्रेट दिवसाला १२०० ते १५०० मिलिग्रॅम आणि लोह. पाळी चालू असलेल्या बायकांना लोह जास्त लागतं. लोह आणि कॅल्शियम यांत दोन तासांचं अंतर, आणि लोहाच्या गोळीवर चहा नको. तीन, सहा, बारा महिन्यांनी आणि मग दर वर्षी रक्ततपासणी. "आता बरं वाटतं" म्हणून गोळ्या सोडणारे दोन-तीन वर्षांनी हातापायाला मुंग्या, थकवा आणि रक्तक्षय घेऊन परत येतात, आणि नसांना झालेली इजा कधी कधी भरून येत नाही.

१५. मे महिन्यात ऑपरेशन करावं का?

निवड तुमच्या हातात असेल तर नको. भुसावळ-जळगावचा पारा ४५ च्या पुढे जातो, आणि नव्या जठरात एका वेळी दोन-चार घोटच मावतात. एकदम तांब्याभर पाणी पिऊन तहान भागवणं आता जमणार नाही. दिवसाला दीड ते दोन लिटर थोडं थोडं पोटात जायला हवं. पावसाळा सरल्यावर किंवा थंडीत केलं तर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत सवय झालेली असते. उन्हाळ्यातच करावं लागलं तर बाटली हातातून सोडू नका. लघवी पिवळीजर्द आणि कमी होऊ लागली, उठताना चक्कर आली तर लगेच दाखवा.

१६. उपवास, आखाजी, कानबाईचे रोट, गडावर पायी जाणं: काय चालेल?

पहिलं वर्ष निर्जळी उपवास नको. शुगरच्या गोळ्या चालू असतील तर कोणताच उपवास विचारल्याशिवाय नको. एकादशीला साबुदाण्याऐवजी दूध, दही, शेंगदाणे, राजगिरा.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमरस आणि खापरावरचा मांडा समोर येतो. बायपास झालेल्यांना हे एकत्र खाल्ल्यावर अर्ध्या तासात घाम, धडधड, चक्कर, जुलाब होतात. याला डम्पिंग म्हणतात. जेवणानंतर चमचाभर रस आणि बोटभर मांडा, तेही सहा महिन्यांनंतर. कानबाईच्या रोटाचा प्रसाद एक घास घेतला तरी देवीचा मान राहतो.

सप्तशृंगी गडाची चैत्रातली पायी वारी पहिल्या वर्षी टाळा. ऊन आणि पाणी, कारण प्रश्न १५ मधलंच.

१७. शेतात कामाला कधी जाता येईल?

चालणं पहिल्या दिवसापासून, घरकाम दहा-पंधरा दिवसांनी. केळीचे घड, फवारणीचा पंप, खताची गोणी सहा आठवडे उचलायची नाही.

१८. मुलगी २४ वर्षांची आहे, पीसीओडी आहे, लग्न बघतोय. ऑपरेशन केलं तर मूल होईल का? सासरी सांगावं का?

वजन उतरलं की पाळी बहुधा नियमित होते आणि गर्भ राहण्याची शक्यता वाढते, कधी अनपेक्षितपणे. पण १२ ते १८ महिने दिवस राहू देऊ नयेत. त्या काळात शरीर झपाट्याने उतरत असतं आणि बाळाला पोषण कमी पडतं. बायपासनंतर तोंडाने घ्यायच्या गर्भनिरोधक गोळ्यांवर भरवसा नको. कॉपर-टीसारखा उपाय डॉक्टरांशी बोलून ठरवा. गरोदरपणात साखरेची ग्लुकोज पिऊन करायची तपासणी बायपासवाल्यांना सोसत नाही, तेव्हा आधी सांगा.

सांगण्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे: होणाऱ्या नवऱ्याला सांगावं. तिला रोज गोळ्या घ्यायच्या आहेत आणि ताटात कमी वाढून घ्यायचं आहे. नव्या घरात हे चोरून करावं लागलं तर पहिल्या त्याच सुटतात. आणि ऑपरेशन करायचं की नाही, हे मुलीने ठरवायचं आहे, स्थळाने नव्हे.

१९. केस गळतात, कातडी लोंबते. काय करावं?

केस तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात गळतात आणि बहुतेकांचे परत येतात. प्रोटीन आणि लोह तपासा. कातडीसाठी वजन स्थिर झाल्यावर, दीड वर्षाने, प्लास्टिक सर्जरी करता येते. विमा बहुधा देत नाही.

२०. कधीमधी दारू चालेल का?

पहिलं वर्ष अजिबात नको. नंतरही थोडी घेतली तरी लवकर आणि जास्त चढते, आणि व्यसन लागण्याचा धोका वाढतो. आधी व्यसन असेल तर लपवू नका.

२१. तीन वर्षांनी आठ किलो परत वाढले. ऑपरेशन फसलं का?

नाही. ४५ किलो उतरल्यावर पाच-आठ किलो परत येणं नेहमीचं आहे. वाढ थांबतच नसेल तर कारण शोधा: दिवसभर चिवडा-फरसाण, गोड चहा, थंड पेय, थांबलेलं चालणं, थायरॉइड, नवी औषधं. आहार, मग औषधं (प्रश्न ७), आणि फार क्वचित दुसरी शस्त्रक्रिया. लाजून तपासणीला जाणं बंद करू नका. अशा वेळीच जायचं असतं.

२२. ऑपरेशनला महिना झाला, रोज उलट्या होतात. गावात सलाईन लावून घेऊ का?

हे उत्तर घरातल्या सगळ्यांनी वाचावं. सतत उलट्यांमुळे बी१ हे जीवनसत्त्व संपतं. अशा वेळी नुसतं ग्लुकोजचं सलाईन दिलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. बी१ चं, म्हणजे थायमिनचं इंजेक्शन ग्लुकोजच्या आधी द्यायला हवं. तोल जाणं, दोन-दोन दिसणं, गोंधळल्यासारखं बोलणं ही त्याची लक्षणं. सलाईन लावणाऱ्या डॉक्टरांना ऑपरेशन झाल्याचं सांगा, थायमिनची आठवण करून द्या, आणि सर्जनला त्याच दिवशी फोन करा. दोन दिवसांपेक्षा जास्त उलट्या असतील तर जठराला अडथळा आहे का हे पाहावंच लागतं.

२३. बायपासला सहा वर्षं झाली. अधूनमधून पोटात पिळून दुखतं, ॲसिडिटी म्हणून गोळी देतात. बरोबर आहे का?

दोन गोष्टी तपासल्याशिवाय ॲसिडिटी म्हणू नये. एक, जोडावरचा अल्सर. अंगदुखी-गुडघेदुखीसाठी मेडिकलवरून घेतलेल्या ब्रुफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्यांनी तो होतो. बायपासवाल्यांनी त्या टाळायच्या, पॅरासिटामॉल चालतं. दोन, आतडं पोटातल्या आतल्या फटीत अडकणं, म्हणजे आतला हर्निया. वजन उतरल्यावर आतली चरबी कमी होते, फट मोठी होते आणि आतडं तिच्यात सरकतं. जेवणानंतर मध्येच जोरात दुखतं, मग थांबतं. दुखत नसताना सोनोग्राफीत काही दिसत नाही. सीटी स्कॅन लागतो, आणि तोही नॉर्मल आला तरी दुखणं टिकलं तर दुर्बिणीने आत पाहावं लागतं. आतड्याचा रक्तपुरवठा तुटला तर हाताशी काही तासच असतात.

ऑपरेशनचा प्रकार, तारीख आणि सर्जनचा फोन लिहिलेला कागद पाकिटात ठेवा, त्याचा फोटो घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये ठेवा, आणि अशा दुखण्यात तो डॉक्टरांच्या हातात सर्वांत आधी द्या.